विश्लेषण : अंगणातल्या गरम टबचे वीजबिल का फुगते? ते कमी कसे होते?

करोना टाळेबंदीत सहली बंद झाल्या तेव्हा ब्रिटनमधील अनेक कुटुंबांनी सहलीचे पैसे परसात ओतले. हवा भरून फुगवायचे, बागेतल्या नळाने भरायचे आणि साध्या प्लगला जोडायचे, असे गरम पाण्याचे टब २०२० आणि २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर विकले गेले. पुढच्याच वर्षी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, युरोपात नैसर्गिक वायू महागला आणि त्यापाठोपाठ वीजही. ब्रिटनमध्ये २०२१च्या हिवाळ्यात घरगुती विजेचे एक युनिट सुमारे २१ पेन्सला पडत होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने दरावर मर्यादा घातली, ती सरासरी ३४ पेन्सची. नंतर दर उतरले, तरी ते २५ पेन्सच्या आगेमागेच राहिले. हौसेने घेतलेला टब विकावा, की तो कमी विजेत चालवता येईल, हा प्रश्न तेव्हापासून तिथल्या घरोघरी आहे. अमेरिका आणि कॅनडात परसातला टब कितीतरी जुना. तिथल्या मराठी घरांनाही हे गणित परके नाही.

एकदा टब तापवायला किती वीज लागते?

एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. त्यामुळे सूत्र सोपे आहे. पाण्याचे लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०, की युनिट मिळतात. फुगवायच्या टबात साधारण ९०० लिटर पाणी मावते. हिवाळ्यात नळाचे पाणी १० अंशांवर असेल आणि टब ३८ अंशांवर हवा असेल, तर २९ युनिट लागतात. ३४ पेन्सच्या दराने हे झाले दहा पौंड. अशा टबांचा हीटर सुमारे दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे तो तासाला जेमतेम दोन अंश चढवतो आणि पाणी तयार व्हायला पंधरा तास घेतो. कायमस्वरूपी बसवलेल्या मोठ्या टबात १५०० लिटर पाणी असेल, तर तितक्याच अंशांसाठी ४९ युनिट जातात.

हा खर्च डोळ्यांत भरतो, पण बिल फुगवणारा खरा खर्च तो नव्हे. पाणी एकदा तापवले की काही आठवडे किंवा महिने तेच राहते. मुख्य खर्च आहे तो चोवीस तास पाणी गरम ठेवण्याचा, म्हणजेच निसटणारी उष्णता भरून काढण्याचा. टबचा मालक बिल भरतो ते बहुतांशी बागेतली हवा तापवण्याचे.

(अशा टबला आपल्याकडे सरसकट ‘जकुझी’ म्हणतात. ते खरे तर कंपनीचे नाव, आणि त्याआधी इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेल्या एका कुटुंबाचे आडनाव. कँडिडो जकुझी यांच्या मुलाला संधिवात होता. त्याच्या उपचारासाठी पाण्यात बुडवून फवारे सोडणारा पंप तयार झाला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आला. पुढे १९६८ मध्ये रॉय जकुझी यांनी फवारे टबातच बसवले.)

उष्णता जाते कुठून?

उघड्या टबातून सर्वाधिक उष्णता पळवते ती वाफ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी पुरते, पण तेच एक लिटर पाणी ३८ अंशांना वाफ होऊन उडाले तर सुमारे ५७५ किलोकॅलरी घेऊन जाते. म्हणजे टबातून एक लिटर पाणी उडाले की दोन तृतीयांश युनिट वीज गेली. ९०० लिटरच्या टबचे तापमान एवढ्यानेच अर्ध्या अंशाहून अधिक उतरते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीप्रमाणे उघड्यावरच्या पोहण्याच्या तलावातून जाणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ७० टक्के बाष्पीभवनाने जाते. गरम टबचे पाणी तलावाहून दहा-बारा अंश अधिक गरम असते, त्यामुळे तिथे वाफेचा मारा आणखी मोठा. त्यावर वारा असेल तर विचारूच नये. पाण्यावर साचलेली दमट हवा वारा सतत उडवून नेतो आणि नव्या वाफेला जागा करून देतो. म्हणून टबच्या वाऱ्याकडील बाजूला कुंपण किंवा दाट झुडपांची रांग असणे ही केवळ आडोशाची गोष्ट नाही.

बाकीची उष्णता बाजूंमधून, तळातून आणि झाकणातून जाते. फुगवायच्या टबच्या भिंतीत नुसती हवा असते. अशा रुंद पोकळीत हवा फिरत राहते आणि आतली ऊब बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचवते. तळ थेट थंड फरशीवर टेकलेला असतो. त्याखाली फोमच्या जाड चटया घालणे हा सर्वात स्वस्त उपाय, मात्र तो टब भरण्याआधीच करावा लागतो. नऊशे किलो पाण्याखाली नंतर काही सरकवता येत नाही.

झाकणाला इतके महत्त्व का?

घंगाळात कढत पाणी काढून ठेवले की आजी त्यावर ताट झाकायची, त्यामागे हेच शास्त्र होते. जपानी घरांत तर न्हाणीच्या टबला गुंडाळता येणारे झाकण असतेच. आधी बाहेर अंग धुऊन मग टबात उतरायचे, त्याच पाण्यात घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने बसायचे आणि दोन पाळ्यांच्या मध्ये झाकण घालायचे, अशी तिथली रीत आहे. एकदा तापवलेले पाणी असे पाच जणांना पुरते.

कायमस्वरूपी टबचे झाकण फोमचे असते, वरून रेक्झिनसारखे आवरण आणि आत फोमभोवती प्लास्टिकचा पातळ वेढा. हा वेढा फाटला की खालून येणारी वाफ फोममध्ये शिरते आणि तिथेच मुरते. पाणी हे फोमच्या पंधरापटीहून अधिक उष्णतावाहक आहे. त्यामुळे भिजलेले झाकण दिसायला तसेच राहते, पण काम करत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. पूर्वी एका हाताने उचलले जाणारे झाकण दोघांनी धरावे लागत असेल, तर ते पाण्याने भरले आहे. उन्हात वाळवून ते पूर्ववत होत नाही, बदलावे लागते. थंड प्रदेशांत दुसरी खूण बर्फ दाखवतो. हिमवृष्टीनंतर बागेत बर्फ टिकून आहे आणि टबच्या झाकणावरचा मात्र वितळून गेला आहे, तर आतली ऊब वर येत आहे हे नक्की. पहाटेच्या थंडीत झाकणाच्या कडेने किंवा मधल्या घडीतून वाफेची रेघ दिसत असेल, तर तिथले पट्टे सैल झालेले असतात किंवा घडीतली फोमची पट्टी बसकी झालेली असते.

झाकणाखाली थेट पाण्यावर तरंगणारी पातळ चादर टाकली तर दुहेरी फायदा होतो. बुडबुड्यांच्या प्लास्टिकची किंवा पातळ फोमची ही चादर वाफ पाण्याजवळच अडवते आणि त्यामुळे वरचे झाकणही कोरडे राहते, जास्त वर्षे टिकते. टबच्या आकाराप्रमाणे ती कात्रीने कापून घेता येते. खर्च आणि बचत यांचा मेळ घातला तर या एका वस्तूशी बरोबरी करणारे दुसरे काही नाही.

आपला टब किती उष्णता गमावतो, हे घरी मोजता येते का?

येते, आणि विकत घेण्याच्या वस्तूंची यादी करण्याआधी ते करायला हवे. रात्री झाकण घालून हीटर बंद करायचा, तापमान लिहून ठेवायचे आणि दहा तासांनी पुन्हा वाचायचे. समजा, बाहेर १० अंश असताना ९०० लिटरचा टब ३८ वरून ३४ वर आला. चार अंश गुणिले ९०० भागिले ८६०, म्हणजे रात्रभरात सव्वाचार युनिट उष्णता गेली. दिवसाला दहा, महिन्याला तीनशे युनिट. ३४ पेन्सच्या दराने शंभर पौंडांहून थोडे अधिक. तळाला चटया, बाजूंना जाड आवरण आणि पाण्यावर चादर घालून पुन्हा तशाच थंडीच्या रात्री मोजावे. घट चारऐवजी अडीच अंशांची झाली, तर कोणत्याही जाहिरातीवर विश्वास न ठेवता उत्तर हातात येते.

तुलनेसाठी एक मापदंड आहे. कॅलिफोर्नियाने अशा टबांना ऊर्जावापराची कायदेशीर मर्यादा घातली आहे. झाकण घातलेला टब नुसता गरम राहण्यासाठी किती वीज घेतो, हे ठरावीक तापमानाला मोजले जाते. साधारण १५०० लिटरच्या टबला या नियमाने सरासरी २४५ वॉटच्या आसपास मुभा मिळते, म्हणजे दिवसाला जवळपास सहा युनिट. ही चाचणी बाहेर साडेपंधरा अंश तापमान धरून होते. कडक थंडीत आकडा वाढतोच. तरीही वरच्या उदाहरणातला लहान टब मोठ्या टबापेक्षा कितीतरी अधिक खातो, हे लक्षात घ्यावे. फुगवायचा टब विकत घेताना स्वस्त पडतो आणि चालवताना महाग, तो यामुळे.

सतत चालू ठेवावा, की वापरून बंद करावा?

टबच्या मालकांमध्ये यावरून हमखास वाद होतो. ‘थंड झालेले पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा चालूच ठेवलेले बरे,’ असे अनेक जण ठामपणे सांगतात. भौतिकशास्त्र तसे सांगत नाही. गळक्या बादलीचे उदाहरण घ्यावे. बादली काठोकाठ भरलेली असताना भोकातून धार जोरात येते, पातळी उतरली की धार मंदावते. टब जितका थंड, तितकी गळती कमी. त्यामुळे साध्या विद्युत हीटरच्या टबात बंद ठेवण्याने नेहमी बचतच होते. प्रश्न एवढाच की किती.

आणि इथे टबागणिक उत्तर बदलते. वर पाहिलेला चांगला टब दिवसभरात तीन-साडेतीन अंशच उतरतो. तो एक दिवस बंद ठेवून अर्धे युनिटही वाचत नाही. त्यासाठी रोज बटणे दाबण्यात अर्थ नाही. रात्रीत चार अंश गमावणारा फुगवायचा टब मात्र चार दिवस बंद ठेवला, तर बाहेर १० अंश असताना सोळा-सतरा अंशांपर्यंत उतरतो. पुन्हा तापवण्याचा खर्च धरूनही त्या काळातली जवळपास निम्मी वीज वाचते. फक्त शनिवार-रविवारी पाण्यात बसणाऱ्यांनी तो आठवडाभर ३८ अंशांवर ठेवणे म्हणजे पाहुणा शनिवारी येणार म्हणून सोमवारपासून चहा गॅसवर ठेवणे.

एकेका अंशाचेही मोल आहे. बाहेर ८ आणि टबात ३८ असेल तर फरक ३० अंशांचा. तापमान एकाने कमी केले की निसटणारी उष्णता तिसाव्या हिश्शाने, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडी अधिक घटते. चारने कमी केले तर तेरा टक्के. उन्हाळ्यात ३८ ऐवजी ३५ अंशही पुरतात, आणि तेव्हा बाहेरचा फरकच लहान असल्याने खर्च आपसूक उतरतो.

शून्याखाली जाणाऱ्या थंडीत मात्र टब पाण्यासह पूर्ण बंद ठेवता येत नाही. नळ्यांत बर्फ झाला तर त्या फुटतात आणि दुरुस्ती वर्षभराच्या बिलाहून महाग पडते. कॅनडात किंवा मिनेसोटात टब वापरायचा नसेल, तर तो नळ्यांसह रिकामा करतात किंवा गोठण्यापासून वाचवणाऱ्या किमान तापमानावर चालू ठेवतात. फुगवायचे अनेक टब तर चार अंशांखाली वापरूच नयेत, असे बनवणारेच सांगतात.

फवाऱ्यांचे बुडबुडे महाग पडतात का?

पडतात. बुडबुड्यांसाठी बाहेरची थंड हवा पाण्यात सोडली जाते. ती पाणी थंड करते आणि दमट होऊन वर येताना वाफही नेते. टबमधून उठताना हवेच्या झडपा बंद करायला लोक विसरतात आणि रात्रभर गाळणीचा पंप चालताना थंड हवा आत ओढली जात राहते. झडप फिरवायला पैसे पडत नाहीत. तुंबलेली गाळणीही पंपाला जास्त वेळ राबवते. ती आठवड्याला धुवावी.

हीट पंप घेणे परवडते का?

एअर कंडिशनर खोलीतली उष्णता बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. सौम्य हवेत एका युनिट विजेवर तो तीन ते पाच युनिट उष्णता देतो. थंडी वाढली की हे प्रमाण घसरते, आणि शून्याच्या आसपास त्याच्या जाळीवर दव गोठू लागते तेव्हा आणखी खाली येते. ब्रिटनचा हिवाळा ओला पण फार कडक नसल्याने तिथे हे यंत्र चालून जाते. किंमत साधारण हजार पौंड किंवा त्याहून अधिक.

वर्षभर रोज वापरात असलेल्या मोठ्या टबला किंवा पाहुण्यांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या लाकडी घरांच्या मालकाला ते पैसे काही वर्षांत वसूल होऊ शकतात. स्कॉटलंड आणि लेक डिस्ट्रिक्टमध्ये ‘अंगणात गरम टब’ हेच भाड्याच्या घराचे आकर्षण असते आणि वीज मालकाच्या खिशातून जाते. पण भिजक्या झाकणाच्या टबला हीट पंप लावणे म्हणजे गळका माठ न बदलता त्यावर मोठा नळ बसवणे. आधी चादर, झाकण, तळ, वारा. त्यानंतर उरलेला खर्च पाहून यंत्राचा विचार.

वीज कधी घ्यावी, यानेही फरक पडतो. ब्रिटनमध्ये रात्रीचे सात तास स्वस्त वीज देणारी योजना १९७८ पासून आहे. कॅलिफोर्नियात अनेक ग्राहकांना दुपारी चार ते रात्री नऊ या वेळेत सर्वात महाग वीज मिळते. तिथे छतावर सौर पटले असलेली घरे दुपारी टब तापवून चारला हीटर बंद ठेवतात आणि रात्री जेवणानंतर त्याच उबेत बसतात. हे जमते ते उष्णता धरून ठेवणाऱ्या टबालाच. गळका टब स्वस्त वीज घेऊन ती महाग वेळेआधीच हवेत सोडून देतो.

वीज वाचवताना कशाला हात लावू नये?

पाणी फिरवणाऱ्या आणि गाळणाऱ्या पंपाचे तास कमी करून वीज वाचते, पण इथे हात आखडता घ्यावा. लिजिओनेला हा न्यूमोनियासारखा गंभीर आजार घडवणारा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो. गरम टब नेमका याच पट्ट्यात असतो आणि फवारे त्याचे तुषार थेट नाकातोंडाजवळ उडवतात. हा जिवाणू अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९७६ साली माजी सैनिकांच्या अधिवेशनात पसरलेल्या साथीमुळे ओळखला गेला आणि त्यांच्या संघटनेवरूनच त्याला नाव मिळाले. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे २०१२ मध्ये एका दुकानात विक्रीसाठी मांडून चालू ठेवलेल्या टबमुळे अशी साथ आली, दोघांचा मृत्यू झाला. ते दोघे टबात उतरलेही नव्हते. क्लोरिन किंवा ब्रोमिनचे प्रमाण पट्टी बुडवून तपासणे आणि पाणी रोज पुरेसे फिरवणे, हा खर्च टाळण्याजोगा नाही. आठवडाभर हीटर बंद ठेवला तरी जंतुनाशक आणि पंप चालू असायला हवेत. तेवढे जमणार नसेल तर टब रिकामा करून कोरडा ठेवणे बरे.

लोणावळ्याच्या बंगल्यात हेच गणित लागू होते का?

पूर्णपणे नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरी, दापोलीजवळचे उन्हवरे किंवा राजापूरचे उन्हाळे इथे जमीनच पाणी तापवते, तिथे बिलाचा प्रश्न नाही. पण लोणावळा, कर्जत, अलिबाग, महाबळेश्वरच्या भाड्याच्या बंगल्यांत आता टब हमखास दिसतात. इथे बाहेर वीस-पंचवीस अंश असताना उष्णतेची गळती ब्रिटनच्या निम्म्यावर येते, हीट पंपही इथल्या हवेत अधिक चांगला चालतो. खर्च वाढतो तो वेगळ्या कारणाने. दर शनिवारी नवे पाहुणे आणि त्यांच्यासाठी नवे पाणी. १५०० लिटर पाणी २५ वरून ३८ अंशांवर न्यायला दर खेपेला जवळपास २३ युनिट लागतात. घरगुती जोडणीवर टप्प्याटप्प्याने चढणारा दर असल्याने ही वाढीव युनिटे सर्वात महाग टप्प्यात मोजली जातात.

याला उत्तर छतावर आधीच असू शकते. तीनशे लिटरच्या सौर बंबातले ६० अंशांचे पाणी टब भरतानाच १२०० लिटर साध्या पाण्यात मिसळले, तर टब ३२ अंशांवर भरतो. हीटरला उरतात सहा अंश, म्हणजे साडेदहा युनिट. मात्र पाहुणे सकाळच्या आंघोळींना बंब रिकामा करतात. त्यामुळे टब दुपारी चारनंतर, बंब पुन्हा तापल्यावर भरावा लागतो, आणि पावसाळ्यात, लोणावळ्याच्या ऐन गर्दीच्या दिवसांत, ऊनच नसते.